एका सेकंदात पाच हजार दात

पातं बदलायचं असलं की मी आधी मायटर सॉचा प्लग भिंतीतून काढतो, गार्ड वर करतो, ॲलन कीने बोल्ट सोडवतो आणि उतरवलेलं पातं जुन्या वर्तमानपत्रावर ठेवतो. कागदावर पडलेलं ते पातं अगदी गरीब दिसतं. आकाराने जेवणाच्या ताटाएवढं, वजनाला साधारण ७०० ग्रॅम. दातांच्या मुळाशी लाकडाचा चीक वाळून तपकिरी झालेला असतो. तो फडक्याने पुसून काढला की पात्यावर कोरलेले आकडे दिसू लागतात. व्यास २५५ मिलिमीटर. कापाची जाडी २.८ मिलिमीटर. दात ६०. यंत्राच्या पाटीवर आणखी दोन आकडे असतात : १,८०० वॉट आणि मिनिटाला ५,००० फेरे.

हे पाच आकडे मी कित्येक वर्षं नुसते वाचत होतो. नवं पातं घेताना दुकानदाराला सांगायचे, एवढाच त्यांचा उपयोग. एका दुपारी वीज गेली, काम अडलं, हाताशी पेन्सिल आणि प्लायचा तुकडा होता म्हणून मी त्या आकड्यांचा गुणाकार करून पाहिला. त्या दिवसापासून या यंत्रापुढे उभं राहायची माझी रीत बदलली. तोच हिशोब इथे मांडतो आहे. वर्कशॉपमध्ये, साईटवर किंवा घराच्या गच्चीत ज्यांचे हात रोज या पात्याच्या आसपास वावरतात, त्यांनी तो एकदा शेवटपर्यंत वाचावा.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मायटर सॉ म्हणजे टेबलावर बसवलेली विजेची गोल करवत. लाकूड टेबलावर ठेवायचं, मागच्या उभ्या कडेला म्हणजे फेन्सला टेकवायचं, हवा तो कोन लावायचा आणि मूठ धरून फिरतं पातं वरून खाली आणायचं. फोटोफ्रेमचे पंचेचाळीसचे कोपरे, दाराच्या चौकटीची पट्टी, भिंतीकडेचं स्कर्टिंग, सगळं यावर निघतं. हातकरवत आणि गुण्या घेऊन ज्याला पाच मिनिटं लागायची, तो काप दोन-तीन सेकंदांत आणि जास्त सफाईने होतो. अडचण त्या दोन-तीन सेकंदांतच आहे.

समृद्धी महामार्गाच्या दुप्पट

पात्याचा व्यास २५५ मिलिमीटर असेल तर त्याचा घेर ८०१ मिलिमीटर भरतो. म्हणजे एका फेऱ्यात प्रत्येक दात ८० सेंटिमीटर धावतो. मिनिटाला ५,००० फेरे म्हणजे सेकंदाला ८३. गुणाकार केला की पात्याच्या कडेचा वेग निघतो : सेकंदाला जवळजवळ ६७ मीटर, तासाला २४० किलोमीटर.

समृद्धी महामार्गावर मोटारींना तासाला १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तुमच्या हातापासून वीतभर अंतरावर त्याच्या बरोबर दुप्पट वेगाने टोकदार धातू धावत असतो. महामार्गाच्या कडेला उभं राहून आपण भरधाव गाडीकडे हात लांब करत नाही. गाडी दिसते, तिचा वारा लागतो, पोटात गोळा येतो. पात्याचं तसं नाही. ते जागच्या जागी फिरतं, म्हणून डोळ्याला ते स्थिर, धूसर चकतीसारखं दिसतं. वेग आहे पण प्रवास नाही, आणि प्रवास नसला की आपल्या मनाला भीती वाटत नाही.

हातकरवतीशी तुलना करून पाहा. मुरलेला सुतार सेकंदाला एक या हिशोबाने करवत पुढे ढकलतो आणि प्रत्येक रेट्यात ती चाळीस सेंटिमीटर जाते असं धरू. त्याने तासभर हात न थांबवता करवत चालवली तर तिचा पुढे जाणारा प्रवास होतो १,४४० मीटर. मायटर सॉचं पातं तेवढा प्रवास २२ सेकंदांत संपवतं.

दिवसाचा हिशोब आणखी चक्रावणारा आहे. फर्निचरच्या कामात दिवसाला २०० काप ही काही फार मोठी गोष्ट नाही. एका कापाला पातं चार सेकंद फिरलं असं धरलं तर दिवसभरात ते ८०० सेकंद, म्हणजे सव्वातेरा मिनिटं फिरतं. तेवढ्यात प्रत्येक दात ५३ किलोमीटर धावलेला असतो. मुंबईच्या सीएसएमटीपासून कल्याणपर्यंतचं रेल्वेचं अंतर जवळजवळ तेवढंच आहे. हा सगळा प्रवास एका ताटाच्या घेरात होतो आणि त्या ताटासमोर आपण उभे असतो.

याच वेगाचा ताण दातांवरही पडतो. प्रत्येक दाताच्या टोकाला कार्बाइडचा छोटा तुकडा झाळून बसवलेला असतो. फिरताना त्याच्यावर बाहेर फेकला जाण्याची जी ओढ असते, ती त्याच्या वजनाच्या साडेतीन हजार पट भरते. लढाऊ विमानाचा वैमानिक नऊ पटींच्या आसपास टेकीला येतो. अर्ध्या ग्रॅमचा तुकडा त्या क्षणी पावणेदोन किलोचा भार होऊन आपल्या झाळणीवर लटकलेला असतो. म्हणून पातं चढवण्याआधी साठही दात एकेक करून पाहायचे. एखादा तुकडा उडालेला, तडकलेला किंवा हललेला दिसला तर ते पातं वापरायचं नाही. पात्यावर लिहिलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहे ना, हेही तेव्हाच वाचायचं. डोळ्यांवर कामाचा चष्मा लागतो तो यासाठीच. युरोपीय मानकात ‘एफ’ दर्जाच्या चष्म्याची चाचणी ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारून घेतात. वाचायचा चष्मा अशा माऱ्यासाठी बनवलेलाच नसतो.

वेदनेपेक्षा जलद

आता दात मोजू. पात्याला ६० दात आणि सेकंदाला ८३ फेरे. म्हणजे एका ठिकाणाहून एका सेकंदात पाच हजार दात जातात.

अचानक काही दिसलं आणि हात मागे घ्यायचा, तर माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. डोळ्याने पाहायचं, मेंदूने ओळखायचं, स्नायूंना सांगायचं, एवढं सगळं त्यात आलं. चपळ माणसाला थोडा कमी, थकलेल्याला थोडा जास्त. त्या पाव सेकंदात पात्याचे जवळजवळ २१ फेरे होतात आणि १,२५० दात निघून जातात.

कोणी म्हणेल, चटका बसला की हात आपोआप मागे येतो, विचार करावा लागत नाही. खरं आहे. ती क्रिया मेंदूपर्यंत न जाता मज्जारज्जूतूनच होते आणि म्हणून लवकर होते. तरीही तिला सेकंदाचा दहावा भाग लागतोच. दहाव्या भागात ५०० दात.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. तीव्र वेदनेचा पहिला संदेश आपल्या शिरांतून, म्हणजे मज्जातंतूंतून, सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने जातो. पात्याची कड सेकंदाला ६७ मीटर धावते. बोटापासून मज्जारज्जूपर्यंत एक मीटर अंतर धरलं आणि संदेश सर्वात जलद गेला असं मानलं, तरी तो पोचेपर्यंत १६६ दात बोटातून निघून गेलेले असतात. ‘लागलं’ हे कळायच्या आत जे व्हायचं ते झालेलं असतं. ज्यांच्यावर ही वेळ आली ते सांगतात की आधी फक्त धक्का जाणवला आणि दुखणं नंतर सुरू झालं. त्यात नवल नाही. पातं वेदनेपेक्षा जलद आहे.

मला या सगळ्या हिशोबातून मिळालेली शिकवण एवढीच आहे. ‘माझं लक्ष असतं, काही झालं तर हात मागे घेईन’ हा भरवसा आकड्यांत कुठेच बसत नाही. जो हात पात्यापासून आधीच लांब आहे तोच सुरक्षित आहे. मायटर सॉवरची सगळी सुरक्षितता खटका दाबण्याआधी ठरते. खटका दाबल्यानंतर आपल्या हाती फारसं काही उरत नाही.

म्हणून यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तकांत हाताचं अंतर इतकं ठासून सांगितलेलं असतं. काही पुस्तकं १०० मिलिमीटर म्हणतात, काही सहा इंच. मी सहा इंच धरतो आणि टेबलावर पात्याच्या दोन्ही बाजूंना तेवढ्या अंतरावर लाल रंगाची रेघ मारून ठेवली आहे. लाल रेघेच्या आत हात जात नाही. तुकडा एवढा लहान असेल की रेघेबाहेरून धरता येत नाही, तर तो क्लॅम्पने धरायचा. क्लॅम्पलाही जागा नसेल तर तो काप या यंत्रावर करायचा नाही, हातकरवत घ्यायची. डाव्या बाजूचं लाकूड उजव्या हाताने धरून हातांची फुलीही करायची नाही, कारण मग मनगट पात्याच्या रेघेवरून जातं.

नुसतं अंतर पुरत नाही, हे नव्या मुलांना आधी पटत नाही, म्हणून तेही आकड्यांतच सांगतो. लाकडाने झटका दिला आणि हात सेकंदाला दोन मीटर वेगाने ओढला गेला, तर सहा इंच संपायला ७६ मिलिसेकंद पुरतात. सावरायला लागतात २५० मिलिसेकंद. सहा इंच काही तुम्हाला सावरायला वेळ देत नाहीत. हात तिथवर ओढलाच जाऊ नये, म्हणून लाकूड घट्ट धरलेलं असावं लागतं. अंतर आणि पकड या दोन्ही गोष्टी जोडीने लागतात.

केसाचा चौदावा भाग

लाकूड झटका का देतं, हेही आकडे सांगतात. समजा पन्नास मिलिमीटर जाडीच्या लाकडातून पातं दोन सेकंदांत खाली आलं. सेकंदाला २५ मिलिमीटर. त्या एका सेकंदात पाच हजार दात काम करतात, म्हणजे एका दाताच्या वाट्याला ०.००५ मिलिमीटर येतं. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. प्रत्येक दात केसाच्या चौदाव्या भागाएवढी साल काढतो. काप आरशासारखा गुळगुळीत येतो तो यामुळे.

पण हे लाकूड हललं नाही तोवर. लाकूड सेकंदाच्या शंभराव्या भागात नुसतं पाच मिलिमीटर सरकलं, तर तेवढ्यात जाणाऱ्या ५० दातांना प्रत्येकी ०.१ मिलिमीटर खावं लागतं. नेहमीच्या वीसपट घास. दाताला तो घास पेलत नाही, तो लाकडात अडकतो, आणि १,८०० वॉटची मोटर अख्खं लाकूड उचलून फेकते. धडधाकट माणूस दिवसभर टिकेल अशा बेताने साधारण ७५ वॉटचं काम करतो. तुमच्या दोन बोटांची पकड एका बाजूला आणि चोवीस माणसांचा रेटा दुसऱ्या बाजूला.

माझ्या वर्कशॉपमध्ये लाकडी कपाटाच्या दारावर नखाएवढा खोल खड्डा आहे. सागाचा तीस मिलिमीटरचा तुकडा तिथे आपटला होता. एकाच मापाचे पुष्कळ तुकडे हवे होते म्हणून मी फेन्सला ठोकळा लावला होता. कापून सुटलेला तुकडा ठोकळा आणि पातं यांच्यामध्ये अडकला, तिरका झाला आणि माझ्या कानाजवळून मागे गेला. चूक सर्वस्वी माझी होती. ठोकळ्याने माप घेतल्यावर सुटणारा तुकडा मोकळा पडेल एवढी जागा ठेवायला हवी होती आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत ते खालीच धरायला हवं होतं. तो खड्डा मी बुजवलेला नाही. नवा मुलगा कामाला आला की आधी तोच दाखवतो.

लाकूड हलू नये यासाठी करायच्या गोष्टी साध्या आहेत. लाकूड खाली टेबलाला आणि मागे फेन्सला पूर्ण टेकलं पाहिजे. मध्ये भुशाचा एखादा खडाही नको. पट्टी वाकडी असेल तर तिचा फुगीर भाग फेन्सकडे करून क्लॅम्प लावायचा. उलटं ठेवलं तर काप संपता संपता लाकूड दोन्हीकडून मिटतं आणि पात्याला चिमटा घेतं. लांब पट्टीच्या दुसऱ्या टोकाला आधार द्यायचा, आणि तो आधार माणसाचा नको, घोडीचा हवा. सरकत्या मायटर सॉवर पातं आधी वर उचललेलंच स्वतःकडे आणायचं, मग खाली दाबून मागे ढकलत कापायचं. स्वतःकडे ओढत कापलं तर पातं लाकडावर चढतं आणि सगळा डोलारा अंगावर येतो.

आणि तो गार्ड. पात्यावर आपोआप सरकणारं ते प्लास्टिकचं झाकण किती ठिकाणी तारेने बांधून वर केलेलं असतं! एका साईटवर मी विचारलं होतं, “मिस्त्री, गार्ड का बांधलाय?” ते म्हणाले, “रेघ दिसत नाही साहेब.” कारण खरं होतं. भुशाने आणि चिरांनी ते प्लास्टिक आंधळं झालं होतं. पण त्यावर उपाय दोन मिनिटांचा आहे. गार्ड पुसायचा, फार खराब झाला असेल तर नवा बसवायचा. आणि रेघ जुळवायची ती यंत्र बंद असताना : खटका न दाबता पातं खाली आणायचं, दात रेघेच्या टाकाऊ बाजूला टेकवायचा, लाकूड पक्कं करायचं, पातं वर न्यायचं. मग खटका. वेग पूर्ण आला की काप.

हातमोजे मात्र या यंत्रावर नकोत. मोज्याचा एक धागा दातात सापडला तर तासाला २४० किलोमीटरच्या वेगाने तो आत ओढला जातो आणि मागोमाग हातही. हाच नियम लांब बाहीला, गळ्यातल्या रुमालाला, ओढणीला आणि मनगटावरच्या धाग्याला. श्रद्धेचा धागा काढवत नसेल तर बाही घट्ट करून तो आत दाबून घ्यावा, पण लोंबता ठेवू नये.

खटका सोडल्यानंतर

काप झाला, खटका सोडला, आता धोका संपला असं वाटतं. फिरत्या पात्यात त्या क्षणी सुमारे ७८० ज्यूल ऊर्जा शिल्लक असते. पन्नास किलोची सिमेंटची गोणी माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून खाली पडली तर जेवढा दणका बसेल, तेवढी. ही ऊर्जा विजेवर अवलंबून नाही. प्लग ओढून काढला तरी ती पात्यात राहतेच.

पात्याला ब्रेक नसेल आणि थांबायला त्याने दहा सेकंद घेतले असं धरा. त्या दहा सेकंदांत ते ४१६ फेरे मारतं आणि एका जागेवरून २५,००० दात जातात. वेग दहावा भाग उरला तेव्हाही, म्हणजे पातं आता थांबतंय असं वाटतं तेव्हाही, सेकंदाला ५०० दात जात असतात. सुटलेला तुकडा उचलायला हात नेमका याच वेळी पुढे जातो. पातं खालीच धरून ते पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, मग वर उचलायचं, मग तुकडा घ्यायचा. कामाच्या मध्ये वीज गेली तर खटका सोडायचा आणि प्लग काढायचा.

टेबल सॉ या दुसऱ्या प्रकारच्या करवतीवर एक विलक्षण सोय निघाली आहे. स्टीव्ह गॅस या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९९९ साली ती शोधली. पात्यात बारीक विद्युत संकेत सोडलेला असतो. बोट लागताच तो बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पातं पाच मिलिसेकंदांत थांबतं. माणसाच्या पाव सेकंदाच्या पन्नासपट जलद. आपल्या पात्याच्या हिशोबाने तेवढ्यात २५ दात जातात आणि जखम बहुधा ओरखड्यावर भागते. तुमच्या-आमच्या मायटर सॉवर ती सोय नसते. आपल्याकडे आहे ती फक्त लाल रेघ.

तांदळाचे दोन दाणे

कापाची जाडी २.८ मिलिमीटर हा आकडा सगळ्यात निरुपद्रवी वाटतो. चार इंच रुंद आणि एक इंच जाड सागाच्या पट्टीला एक काप दिला की सुमारे सात घन सेंटिमीटर लाकडाचा भुसा होतो. वजन साडेचार ग्रॅम. दिवसाला २०० काप म्हणजे ९०० ग्रॅम. जवळजवळ किलोभर सागाची रोज पूड होते.

यातला बहुतेक भुसा खाली पडतो आणि झाडून निघतो. न दिसणारा भाग हवेत राहतो. पाच मायक्रॉनचा कण नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला शांत हवेतही अर्धा तास सहज घेतो. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार आरोग्य संस्थेने लाकडाच्या धुळीसाठी सुचवलेली मर्यादा आहे एका घनमीटर हवेत एक मिलिग्रॅम. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत ३४ घनमीटर हवा मावते. म्हणजे त्या अख्ख्या खोलीत ३४ मिलिग्रॅम धूळ तरंगली की मर्यादा गाठली. तांदळाच्या दोन दाण्यांचं वजन. एका कापाच्या साडेचार ग्रॅम भुशातला नुसता शंभरावा भाग हवेत राहिला तरी तो ४५ मिलिग्रॅम भरतो. एकाच कापात मर्यादा ओलांडली.

हे नुसत्या शिंका-खोकल्याचं प्रकरण नाही. इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्या-टेबलांसाठी नावाजलेलं गाव. १९६० च्या दशकात तिथल्या फर्निचर कामगारांमध्ये नाकाचा एक दुर्मीळ कर्करोग नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात घातली, म्हणजे माणसाला कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. तोंडावर बांधलेला रुमाल इथे पुरत नाही. ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवणारा एन-९५ मास्क हवा, यंत्राच्या मागे भुसा ओढणारा व्हॅक्यूम हवा आणि खिडकी उघडी हवी.

कानांचा हिशोबही तसाच आहे. मायटर सॉजवळ आवाज सहज १०० डेसिबलच्या घरात जातो. नायॉशच्या मोजमापात ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर तीन डेसिबलना वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला पंधरा मिनिटं. आपले २०० काप सव्वातेरा मिनिटांत होतात. दुसऱ्या कुठल्याही यंत्राला हात न लावता दिवसाचा कोटा जवळजवळ संपला. कान दुखत नाहीत म्हणून कळत नाही, आणि गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही. कानावर इअरमफ चढवायला दोन सेकंद लागतात.

लाखात एक पुरत नाही

आपण चांगल्या माणसाला ‘लाखात एक’ म्हणतो. या यंत्रापुढे लाखात एक पुरत नाही.

दिवसाला २०० काप, वर्षाला ३०० दिवस, तीस वर्षांची कारकीर्द. गुणाकार करा : १८ लाख काप. एखादा मिस्त्री इतका सावध असेल की लाखात एकदाच त्याचा हात चुकेल, तरी त्याच्या आयुष्यात अठरा चुका होतील. बोटं दहाच आहेत.

म्हणूनच ‘वीस वर्षं झाली, मला कधी काही झालं नाही’ या वाक्याचा मला धसका वाटतो. ते वाक्य खरं असतं आणि बोलणारा कुशलही असतो. पण अठरा लाख वेळा न चुकणं हे कौशल्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. तिथे सवय लागते. चूक झाली तरी हात जिथे सापडणार नाही अशा जागी तो रोज, प्रत्येक कापाला ठेवायची सवय. त्यासाठी वेळ लागतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. क्लॅम्प लावायला दहा सेकंद धरले आणि दोनशेही कापांना तो लावला तर दिवसाची ३३ मिनिटं जातात. ब्रेक असलेलं पातं थांबायची वाट पाहायला आणखी दहा. पाऊण तासाच्या आत. कामाचा भाव ठरवताना मालकाने आणि गिऱ्हाईकाने हा पाऊण तास धरलाच पाहिजे. ठेकेदार घाई करतो तेव्हा तो हीच मिनिटं मागत असतो.

दिवसाला एक मिलिमीटर

शेवटचा आकडा शरीराचा. हाताची तुटलेली शीर, म्हणजे मज्जातंतू, शस्त्रक्रियेने सांधली की ती पुढे वाढू लागते. तिचा वेग असतो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८० मिलिमीटर धरले तर सहा महिने. तोपर्यंत बोटाला गरम-थंड नीट कळत नाही, शर्टाची गुंडी लावता येत नाही.

तुटलेलं बोट जोडता येतं. जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई या डॉक्टरांनी १९६५ मध्ये पूर्ण तुटलेला अंगठा पहिल्यांदा यशस्वीपणे जोडला. मिलिमीटरभर जाडीच्या रक्तवाहिन्या केसापेक्षा बारीक धाग्याने, सूक्ष्मदर्शकाखाली शिवाव्या लागतात. पण चाकूचा काप आणि करवतीचा काप यांत फरक आहे. करवत २.८ मिलिमीटरचा भाग नाहीसा करून जाते, आणि भुसा झालेलं परत जोडता येत नाही. दुर्दैवाने वेळ आलीच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा, बोटाला थेट बर्फ लावू नका. १०८ ला फोन करा. हे वर्कशॉपच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. पात्याची कड एका सेकंदात ६७ मीटर जाते. शीर एका दिवसात एक मिलिमीटर वाढते. पातं एका सेकंदात जेवढं अंतर कापतं, तेवढं वाढायला शिरेला १८३ वर्षं लागतील. सहा पिढ्या.

उद्या यंत्रासमोर उभे राहाल तेव्हा प्लग लावण्याआधी एक काम करा. पट्टी घ्या, पात्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच मोजा आणि लाल रंगाने रेघ ओढा. दोन मिनिटांचं काम आहे.